जंगल सत्याग्रहाच्या वाटेने एक दिवस

समुद्रकिनारा नसलेल्या वऱ्हाडात मीठ तयार करून कायदा मोडणे शक्य नव्हते. म्हणून 1930 साली येथील सत्याग्रहींनी सरकारी जंगलातील गवत विनापरवाना कापण्याचा मार्ग स्वीकारला. चाऱ्यावरील निर्बंध शेतकऱ्यांना जाचत होतेच. त्यांना हा कायदेभंग वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. या लढ्याची ठिकाणे यवतमाळहून मोटारीने एका दिवसात पाहता येतात. फेरी दोनशे किलोमीटरहून थोडी अधिक भरते.

सकाळी लवकर निघून शहराला लागून, दारव्हा मार्गावर असलेले लोहारा गाठावे. येथील जंगलात 21 जुलै 1930 रोजी डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी सत्याग्रह केला. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. दारव्ह्यात 'शकुंतला' या नॅरोगेज गाडीच्या स्थानकावर थोडा वेळ थांबावे. 1994 पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावत असे.

तेथून दिग्रसमार्गे पुसद. लोकनायक बापूजी अणे यांनी 10 जुलै 1930 रोजी याच परिसरात गवत कापले. म्हणजे घटनाक्रमाने पुसद आधी येते. पण रस्त्याच्या सोयीपुढे इतिहासाला थोडे मागे सरावे लागते. किल्ले-वाड्यांची अपेक्षा मात्र ठेवू नये. येथे पाहायचे ते रान आणि गवतच. त्यामुळे पावसाळा उत्तम.

माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचे जन्मगाव गहुली पुसद तालुक्यातच आहे. त्यासाठी तासभर राखून ठेवावा. परतीला महागाव-आर्णी मार्ग धरावा.