गुग्गुळ, लखनौ आणि एक प्रबंध

काष्ठौषधीच्या दुकानात गुग्गुळ मागितला की दुकानदार बरणीतून तांबूस-पिवळे, एकमेकांना चिकटलेले खडे काढून कागदावर ठेवतो. खडा बोटांत धरून दाबला की किंचित मऊ पडतो, हाताला चिकटतो आणि धुपाच्या जवळचा कडवट वास बोटांवर दिवसभर राहतो. खड्यात झाडाच्या सालीचे तुकडे आणि रेती हमखास असते. म्हणून औषध करताना तो फडक्यात पुरचुंडी बांधून त्रिफळ्याच्या काढ्यात लोंबकळत ठेवतात. गुग्गुळ विरघळून काढ्यात उतरतो, कचरा फडक्यात राहतो. वैद्य याला शोधन म्हणतात.

मन आणि शरीर यांच्या संबंधावर, किंवा एकात्मिक वैद्यकात, पीएच.डी. करायची आहे असं म्हणणारी मुलं-मुली हल्ली बरीच भेटतात. कुणी बीएएमएस झालेली असते, कुणी मानसशास्त्रात एम.ए., कुणी फिजिओथेरपिस्ट, कुणी योगशिक्षक. विषय मोठा आहे आणि त्यांची ओढ खरी आहे. पण ‘तुमचा प्रश्न काय?’ असं विचारलं की बहुतेक जण पदवीचं नाव सांगतात. त्यांच्या हातात गुग्गुळाचा हा खडा ठेवावा आणि त्याची गोष्ट सांगावी असं मला वाटतं. ती बनारसमध्ये सुरू होते आणि तिचा सगळ्यात महत्त्वाचा भाग लखनौत घडतो.

1966 साली बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी डॉक्टर ऑफ आयुर्वेदिक मेडिसिन या पदवीसाठी प्रबंध सादर केला. विषय होता मेदोरोग, म्हणजे मेदाचे विकार, आणि त्यांवर एका देशी औषधाचा परिणाम. औषध होतं गुग्गुळ. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पंधराव्या अध्यायात स्थौल्याचं वर्णन आहे. मेद वाढतो, स्रोतसांचे मार्ग अडतात, त्यातून इतर रोग उद्भवतात असा तो क्रम आहे, आणि उपायांत शिलाजतू, त्रिफळा यांच्या सोबतीने गुग्गुळाचं नाव येतं. सत्यवतींना या वर्णनात रक्तवाहिन्यांत चरबी साचून होणाऱ्या विकाराचं चित्र दिसलं. असं साम्य पुष्कळांना दिसतं, आणि बहुतेक जण ‘आपल्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होतं’ एवढं म्हणून थांबतात. सत्यवती थांबल्या नाहीत. त्यांनी कोलेस्टेरॉल वाढवलेल्या सशांना गुग्गुळ दिला आणि रक्तातले आकडे मोजले. कोलेस्टेरॉल उतरलं. श्लोकातलं एक विधान खरं-खोटं करता येईल अशा प्रश्नात उतरलं, हे त्या प्रबंधाचं मोल आहे. पुढे याच सत्यवती भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या महासंचालक झाल्या.

आता लखनौ. मराठी माणसाला हे शहर विष्णू नारायण भातखंड्यांमुळे जवळचं. 1926 साली त्यांच्या प्रयत्नांतून इथे मॅरिस कॉलेज उभं राहिलं आणि घराण्यांच्या कंठात राहिलेलं गाणं वर्गात शिकवता येऊ लागलं. जे गुरूकडून शिष्याकडे जातं ते वहीत मांडता येतं का, हा भातखंड्यांचा प्रश्न वैद्यकातही या शहराने हाताळला. झवाई टोल्याच्या हकिमांच्या घराण्याने 1902 साली तकमील-उत-तिब हे युनानी महाविद्यालय काढलं. 1911 पासून किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज आहे, जे आता विद्यापीठ झालं आहे. आणि 17 फेब्रुवारी 1951 रोजी गोमतीकाठच्या छत्तर मंझिलमध्ये, घुमटावर सोनेरी छत्री मिरवणाऱ्या नवाबी महालात, पंडित नेहरूंच्या हस्ते केंद्रीय औषध संशोधन संस्थेचं उद्घाटन झालं. नवाबांच्या दालनांत काचेच्या नळ्या आणि उंदरांचे पिंजरे आले. आता संस्था जानकीपुरम विस्तारातल्या नव्या आवारात आहे, पण गुग्गुळाचं काम त्या जुन्या महालातलं.

तिथे रसायनशास्त्रज्ञांनी खडा उकलला. कच्चा गुग्गुळ घेतला की पोट बिघडतं, अंगावर पुरळ उठतं, ही जुनी तक्रार होती. संस्थेत इथाइल ॲसिटेट या द्रावकात गुग्गुळ विरघळवला. जो भाग विरघळला त्यात मेद कमी करणारा गुण होता, आणि त्रासदायक भाग बराचसा मागे गाळात राहिला. पुरचुंडी आणि काढ्याचीच ही प्रयोगशाळेतली बहीण म्हणायची. अर्कातल्या गुग्गुलस्टेरॉन या घटकाच्या प्रमाणावरून प्रत्येक खेप सारखी ठेवता येऊ लागली. हे ऐकायला कोरडं वाटेल, पण एकात्मिक वैद्यकातल्या निम्म्या प्रबंधांचं घोडं इथेच अडतं. औषधाची ही खेप आणि पुढची खेप एकच नसेल, तर रुग्णांवरचे आकडे कशाचे म्हणायचे?

मग माणसांवरच्या चाचण्या. एस. नित्यानंद आणि सहकाऱ्यांनी 1989 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधी आठ आठवडे फक्त पथ्य आणि औषध नसलेली खोटी गोळी, नंतर बारा आठवडे 500 मिलिग्रॅम अर्क दिवसातून तीनदा. 205 रुग्णांपैकी सत्तर-ऐंशी टक्क्यांना गुण आला. त्यांचं कोलेस्टेरॉल सरासरी 23.6 टक्के आणि ट्रायग्लिसराइड 22.6 टक्के उतरलं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सिप्लाने हा अर्क बाजारात आणला. संहितेतून निघालेलं औषध आधुनिक औषधाच्या रीतसर परवान्याने विकलं जाऊ लागलं.

बहुतेक व्याख्यानांत गोष्ट इथे संपते आणि टाळ्या पडतात. विद्यार्थ्याने मात्र पुढचं पान उलटावं.

2003 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात फिलाडेल्फियातल्या चाचणीचे निष्कर्ष आले. कोलेस्टेरॉल वाढलेले 103 प्रौढ, आठ आठवडे, काहींना खोटी गोळी, काहींना 1000 मिलिग्रॅम आणि काहींना 2000 मिलिग्रॅम अर्क, दिवसातून तीनदा. कोण काय घेतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. खोटी गोळी घेणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 5 टक्के उतरलं. गुग्गुळ घेणाऱ्यांचं 4 ते 5 टक्के चढलं. सहा जणांच्या अंगावर पुरळही उठलं.

त्याच्या आदल्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये गुग्गुलस्टेरॉन यकृतातल्या एका ग्राहीला (रिसेप्टरला) कसं रोखतं याचा शोध छापून आला होता. यंत्रणा सापडली होती, आणि रुग्णात परिणाम उलटा दिसत होता. कुणी अमेरिकन आहाराकडे बोट दाखवलं, कुणी मात्रेकडे, कुणी आपल्याकडच्या चाचण्यांच्या रचनेकडे. ज्याची त्याची बाजू आहे. मला यात औषधाचा पराभव दिसत नाही. हा प्रश्न अजून जिवंत आहे आणि त्यावर आणखी तीन प्रबंध होऊ शकतात, एवढंच दिसतं. ज्याला हे पान वाचून राग येतो त्याने प्रचारक व्हावं. ज्याला रात्री झोप लागत नाही त्याने पीएच.डी.ला बसावं.

आपल्याकडेही असं काम झालं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर (मराठी वाचकांना त्या ‘वृक्षगान’मुळे माहीत) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर वर्षानुवर्षं काम केलं. कर्करोगामुळे पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या तीस रुग्णांवरची त्यांची 1993ची चाचणी आजही वाचण्यासारखी आहे. सगळ्यांना नेहमीचे उपचार होतेच. शस्त्रक्रियेआधी निम्म्यांना त्याबरोबर गुळवेलही दिली. शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचं प्रमाण नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात 40 टक्के आणि गुळवेलीच्या गटात 92.4 टक्के. तीस हा आकडा लहान आहे, हे खरं. पण ‘एकात्मिक’ या शब्दाचा अर्थ इथे कळतो. सर्जनची सुरी आणि गुळवेल एकाच खाटेपाशी आहेत, आणि दोघांचा हिशेब एकाच कागदावर.

लखनौतून निघालेलं दुसरं औषध आपल्याला मनाकडे नेतं. ते म्हणजे ब्राह्मी. केंद्रीय औषध संशोधन संस्थेतल्याच एच. के. सिंग आणि बी. एन. धवन यांनी 1982 साली उंदरांच्या शिकण्यावर ब्राह्मीचा परिणाम दाखवला आणि पुढे प्रमाणित अर्क तयार झाला. तोच अर्क ऑस्ट्रेलियात 46 निरोगी माणसांना बारा आठवडे देऊन स्मरण आणि शिकण्याचा वेग मोजला गेला. सुधारणा दिसली ती बारा आठवड्यांच्या शेवटी. एकच मात्रा देऊन पाहिली तेव्हा काहीच फरक नव्हता. परीक्षेच्या आदल्या रात्री ब्राह्मी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणखी एक गोम आहे. महाराष्ट्रात परसात ब्राह्मी म्हणून जी लावलेली असते ती बहुधा मंडूकपर्णी असते, मोठ्या गोल पानांची. लखनौची ब्राह्मी म्हणजे नीरब्राह्मी, बारीक जाड पानांची, पाणथळीत वाढणारी. दोन वेगळ्या वनस्पती, एक नाव.

वनस्पतीची निदान खोटी गोळी करता येते. ध्यानाची, प्राणायामाची खोटी गोळी कशी करणार? मन-शरीर वैद्यकाची खरी अडचण ही आहे. लोणावळ्याला 1924 साली कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी, नौली या योगक्रियेच्या वेळी पोटातला दाब नळीने मोजला होता. 1982 साली हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांनी तिबेटी भिक्षूंच्या हातापायांच्या बोटांचं तापमान ध्यानात 8.3 अंशांपर्यंत चढल्याचं ‘नेचर’मध्ये मांडलं. दाब किंवा तापमान मोजणं सोपं आहे. पण तीन महिने योगवर्गाला आलेला रुग्ण बरा झाला तर तो आसनांनी बरा झाला, श्वासाने, रोज कुणीतरी आपुलकीने चौकशी केली म्हणून, की तो तसाही बरा होणारच होता? हे वेगळं काढायला तितकाच वेळ, तितकीच माणसं आणि तितकीच आपुलकी मिळणारा दुसरा गट लागतो. योगाऐवजी नुसता साधा व्यायाम करणारा.

निष्कर्ष सरळ मांडण्याच्या बाबतीत आपल्या देशातली योगा-केअर चाचणी प्रत्येक उमेदवाराने वाचावी. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले 3,959 रुग्ण, 24 रुग्णालयं, बारा आठवड्यांत तेरा योगसत्रं. 2020 साली निष्कर्ष आले. पुढचे झटके, मृत्यू वगैरे गंभीर घटना योगाच्या गटात 6.7 टक्के आणि योग न मिळालेल्या गटात 7.4 टक्के, म्हणजे खात्रीने फरक आहे म्हणण्याइतकं अंतर नाही. पण रुग्णांना स्वतःची तब्येत चांगली वाटत होती आणि ते आपल्या नेहमीच्या कामाला जास्त प्रमाणात लागले. काय मिळालं आणि काय नाही, दोन्ही सरळ लिहिलं आहे. प्रबंध असा लिहायचा असतो.

आता व्यवहाराचं. लखनौला जायचं असेल तर वाटा वेगवेगळ्या आहेत. औषध संशोधन संस्थेत प्रयोगशाळेचं काम करून वैज्ञानिक व नवोन्मेषी संशोधन अकादमीची पीएच.डी. मिळते. लखनौ विद्यापीठात योग आणि पर्यायी वैद्यकाची स्वतंत्र विद्याशाखा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेत योग हा विषय आहेच, डिसेंबर 2024 पासून आयुर्वेद जीवशास्त्रही आला. 2022च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि साधारण जास्तीत जास्त सहा वर्षं लागतात, किमान बारा श्रेयांकांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येते, पण दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी. ग्राह्य नाही.

हे शेवटचं वाक्य मुद्दाम अधोरेखित करतो. घरबसल्या अठरा महिन्यांत ‘माइंड-बॉडी’ विषयाची डॉक्टरेट देणाऱ्या जाहिराती मोबाइलवर रोज येतात. परदेशी विद्यापीठाशी करार असल्याचं सांगून ऑनलाइन पीएच.डी. विकणाऱ्या कंपन्यांपासून सावध राहा, असं आयोगाने 2022 साली जाहीर बजावलं आहे. माझ्या ओळखीच्या एका योगशिक्षिकेने अशा पदवीसाठी बचत मोडली, आणि अध्यापनाच्या अर्जासाठी ती पदवी धरली गेली नाही. तिची साधना वीस वर्षांची होती. तिला त्या कागदाची गरजच नव्हती. आणि पीएच.डी. अगदी अस्सल असली तरी तिने रुग्णाला औषध लिहून देण्याचा अधिकार मिळत नाही. तो वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीनेच मिळतो. नावाआधी डॉ. लावून दवाखाना थाटणं हा रुग्णाशी केलेला अपराध आहे.

गुग्गुळाच्या झाडाचंही सांगायला हवं. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या टेकड्यांवरचं हे काटेरी झुडूप डिंकासाठी वेडंवाकडं चिरून चिरून मरत आलं आहे आणि आज अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. यावरही कुणीतरी प्रबंध लिहायला हवा.

तुम्हाला या वाटेने जायचं असेल तर प्रवेश अर्ज भरण्याआधी एक काम करा. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतले प्रबंध फुकट वाचायला मिळतात. ज्यांच्या हाताखाली काम करायचं आहे त्यांच्या विद्यार्थ्याचा एक प्रबंध उघडा आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. जे अपेक्षेप्रमाणे घडलं नाही त्याबद्दल त्यात काय लिहिलं आहे, ते आधी शोधा. तसं एकही पान सापडलं नाही, तर दुसरा मार्गदर्शक बघा.