मानवी हक्क स्वयंसेवक, जपानमधील

जपानमधील नगरांत व खेड्यांत मानवी हक्कांचे संरक्षण व प्रसार करणारे विनावेतन नागरिक. १९४८ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेस १९४९ च्या कायद्याने स्थैर्य लाभले. स्थानिक प्रतिनिधिसभेचे मत घेऊन नगरप्रमुख वा ग्रामप्रमुख शिफारस करतो आणि न्यायमंत्री तीन वर्षांसाठी नेमणूक करतो. स्वयंसेवकांची संख्या सु. १४,००० आहे. भेदभाव, छळ, कौटुंबिक व शेजाऱ्यांतील तंटे यांसंबंधीच्या तक्रारी ते विनामूल्य व गुप्तता राखून ऐकतात. शाळकरी मुलांना एकत्रितपणे फुलझाडे वाढविण्यास देऊन ते परस्परांविषयी आदर रुजवितात. कोणावर सक्ती करण्याचा अधिकार मात्र त्यांना नाही. त्यामुळे अन्याय करणारा समजुतीने वळला नाही, तर त्यांचा उपाय थिटा पडतो. तथापि न्यायालयाची पायरी चढण्यास कचरणाऱ्या पीडितास त्यांच्यामुळे आपल्याच गावात दाद मागता येते.