शाळा बंद असता वाडीवरील शिक्षण

मार्च २०२० च्या मध्यास कोरोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील शाळा बंद होऊ लागल्या. पहिली ते आठवीच्या वार्षिक परीक्षा रद्द झाल्या आणि २५ मार्चपासून सारा देश टाळेबंद झाला. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले ते १ डिसेंबर २०२१ रोजी. आणि पुढच्याच जानेवारीत त्यांना आणखी काही दिवस कुलूप लागले. याचा अर्थ असा की, जे बालक जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झाले, त्याने पहिलीचा वर्ग डोळ्यांनी पाहिलाच नाही. ते प्रथम शाळेत येऊन बसले तेव्हा हजेरीपटावर त्याचे नाव दुसरीत होते. पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेणारा हात त्या वर्षी त्याला कोणाचा मिळाला, की मिळालाच नाही, यावर त्याचे पुढचे सारे शिक्षण अवलंबून होते.

पेण व रोहा या दोन तालुक्यांतील शिक्षकांपुढे हा प्रश्न अधिक कठीण स्वरूपात उभा राहिला. दोन्ही तालुक्यांची रचना आपणांस परिचित आहे. पेणच्या पश्चिमेस खारेपाटातील गावे, पूर्वेस डोंगरउतारावर ठाकूर व कातकरी बांधवांच्या वाड्या. रोह्याकडे कुंडलिकेच्या खोऱ्यात कारखाने व बागायत, आणि त्याच खोऱ्याच्या कडेने डोंगरात वर वर गेलेल्या वाड्या. पेण शहर व हमरापूर, जोहे या परिसरात गणेशमूर्तींच्या कारखान्यांवर शेकडो कुटुंबांची उपजीविका चालते. कातकरी कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. टाळेबंदी झाली ती नेमकी या हंगामात. म्हणजे शाळा बंद झाली तेव्हा पटावरील कित्येक मुले गावातच नव्हती. त्यांच्यासाठी शाळा मार्चमध्ये बंद झाली असे म्हणणे खरे नाही. ती आदल्या दिवाळीलाच बंद झाली होती.

त्यात ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. घरांचे व शाळांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, काही भागांत अनेक दिवस वीज नव्हती. अशा स्थितीत शिक्षण मोबाइलवरून चालेल, ही अपेक्षा कागदावर ठीक होती. प्रथम संस्थेच्या ‘असर’ पाहणीनुसार सप्टेंबर २०२० मध्ये ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होते. वाढ मोठी खरी. परंतु पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काहीही अभ्याससाहित्य मिळालेली मुले होती जेमतेम एक तृतीयांशाच्या थोडी वर. शिवाय घरात फोन असणे आणि मुलाच्या हाती फोन असणे यांत अंतर आहे. तो फोन सकाळी बापाबरोबर कामावर जातो. रात्री परत येतो तेव्हा त्यात रिचार्ज नसतो, आणि वाडीवर रेंज मिळवायला एखाद्या उंच दगडावर जाऊन उभे राहावे लागते.

शासनाच्या स्तरावर जे झाले तेही नोंदविले पाहिजे. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने दैनंदिन अभ्यासमाला पाठविली. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी घरच्या घरी करता येतील असे उपक्रम तीत असत. पाठ्यक्रमही त्या वर्षी पंचवीस टक्क्यांनी कमी केला गेला. ज्या घरात दूरदर्शनसंच व वीज होती तेथे याचा उपयोग झाला. जेथे नव्हती तेथे काय करावे, याचे उत्तर वरून येणे शक्यच नव्हते. ते गावातच शोधावे लागले.

ते कसे शोधले गेले, याची महाराष्ट्रातील दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. सोलापुरात नीलमनगर या कामगार वस्तीत शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाठ रंगविले. मुलांनी अंतर राखून या भिंतीवरून त्या भिंतीकडे जावे व वाचावे. पालघर जिल्ह्याच्या आदिवासी भागात दिगंत स्वराज फाउंडेशनने ध्वनिक्षेपकावरून ध्वनिमुद्रित पाठ ऐकविले. मुले मोकळ्या जागी बसून ते ऐकत. दोन्ही उपक्रमांची वर्तमानपत्रांत पुष्कळ प्रशंसा झाली. परंतु त्यांतील भिंत अथवा कर्णा ही मुख्य गोष्ट नव्हे. भिंत देण्यास घरमालक राजी झाला, कर्णा नेण्यास एक संस्था पुढे आली, आणि कोणते मूल कोठे बसते याची माहिती असलेले माणूस तेथे होते. यांतील एक दुवा निखळला असता तर उरला असता केवळ रंग किंवा गोंगाट.

किंबहुना हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम आरंभिले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तेथून रूढ झाला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली गेली. तिला कुरणशाळा म्हणत. नंतरच्या काळात विधायक संसदेने वसई भागातील वीटभट्ट्यांवर मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालविल्या. टाळेबंदीत शिक्षकांना जे एकाएकी करावे लागले, त्याचा धडा आपल्या शेजारच्या जिल्ह्यात कित्येक वर्षे आधीच गिरविला गेला होता. तो आपल्या प्रशिक्षणवर्गांत क्वचितच सांगितला जातो, हे खेदाचे आहे.

आता प्रत्यक्ष वाडीवर सहकार्य कोणाचे घ्यावे, याचा विचार करू. प्रथम वाडीतील शिकलेली मुलगी. प्रत्येक वाडीत दहावी-बारावीपर्यंत पोचलेली एखादी तरी तरुणी वा तरुण असतोच. टाळेबंदीत त्यांचेही महाविद्यालय बंद होते. बाहेरच्या माणसास वाडीत येऊ देण्यास लोक भीत असत आणि ती भीती गैर नव्हती. ही मुलगी मात्र वाडीतलीच. शिवाय कातकरी मुलांच्या घरची बोली पाठ्यपुस्तकातील मराठीहून पुष्कळ निराळी. पहिलीतील मूल ‘समजले का’ असे विचारता मान डोलावते, पण त्यास काय समजले हे शिक्षकास कळत नाही. ही मुलगी दोन्ही बोली जाणते. पाच ते आठ मुलांचा गट, मोकळा ओटा किंवा आंब्याची सावली, रोज दीड-दोन तास, इतकेच तिच्यावर सोपवावे. तिला सारा पाठ्यक्रम शिकविण्यास सांगू नये. अक्षर न येणाऱ्याला अक्षरे, अक्षर येणाऱ्याला शब्द, शब्द येणाऱ्याला परिच्छेद व पुढे गोष्ट. आणि गणितात बिया, खडे, काड्या घेऊन दशक-एकक. कोणते मूल कोणत्या पायरीवर आहे, हे मात्र शिक्षकाने स्वतः पाहून तिच्या वहीत लिहून द्यावे. आठवड्यातून एकदा ती वही शिक्षकाकडे आली पाहिजे, किंवा शिक्षक तिच्याकडे गेला पाहिजे. आणि तिला मानधन मिळालेच पाहिजे. वाडीतल्या मुलीचे श्रम फुकट घेऊन त्यास सेवाभाव म्हणण्याची सवय आपण सोडावी, हे बरे.

आई ही दुसरी सहकारी. तिला अक्षरओळख नसेल, म्हणून तिचा उपयोग नाही असे शिक्षकांना वाटण्याचा संभव असतो. उपरोक्त पाहणीत सुमारे तीन चतुर्थांश मुलांना घरातून अभ्यासात काही ना काही साहाय्य मिळत होते असे आढळले, आणि ज्यांचे आईबाप फारसे शिकलेले नव्हते अशा मुलांपैकीही निम्म्याहून अधिकांना ते मिळत होते. कित्येक घरांत ते थोरल्या भावंडांकडून येई. निरक्षर आई मुलास वाचून दाखवू शकत नाही, पण मूल वाचते की नाही हे पाहू शकते. त्याला रोज ठरावीक वेळी बसवू शकते, त्याच्याकडून गोष्ट ऐकू शकते, आपली गोष्ट त्याला सांगू शकते. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबांचे पहिले संस्कार घरात, आई व आजोबांकडूनच झाले, हे येथे सहज आठवते. शाळा बंद असताना शालेय पोषण आहाराचे धान्य पालकांस कोरडे वाटले जात असे. त्या दिवशी शिक्षकाला घराघराची गाठ पडे. तांदूळ-डाळीच्या पिशवीबरोबर आठवड्याची अभ्यासपत्रिका गेली आणि मागची परत आली, तर वेगळ्या फेरीची गरज उरत नाही.

ग्रामपंचायतीकडून जागा, पाणी, साबण व परवानगी मिळावी. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ अन्वये शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या स्त्रिया असतात. ही समिती बहुधा सह्यांपुरती बोलावली जाते. साथीच्या काळात गट कोठे बसवावा, कोणत्या घरी आजारी माणूस आहे, कोणत्या मुलास आज घरी ठेवावे, हे निर्णय तिनेच घेणे योग्य. कारण वाडीतील प्रकृतिमानाची खबर तिला शिक्षकाच्या आधी असते.

कारखान्यांसंबंधी थोडे सविस्तर लिहिणे अवश्य आहे. पेण तालुक्यात डोलवी येथे पोलादाचा मोठा कारखाना आहे, रोहा तालुक्यात नागोठण्याजवळ पेट्रोरसायनांचा, आणि रोह्याजवळ धाटाव येथे औद्योगिक वसाहत आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ अन्वये ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. शिक्षकांनी मागणी करण्यास संकोचू नये, मात्र ती नेमकी असावी. देणगीदारास टॅब देणे आवडते. पाटी, पेन्सिल, कागद, छपाई, गोष्टींची पुस्तके आणि वाडीतील मुलीचे मानधन यांचे छायाचित्र तितकेसे शोभत नाही. तरीही रेंज नसलेल्या वाडीत शंभर गोष्टींची पुस्तके मुलांत फिरती राहिली, तर ती दहा टॅबांहून अधिक उपयोगी पडतील, हे आकडेवारीसह व नम्रपणे पटवून देता येते. अर्जात वाड्यांची नावे, मुलांची संख्या आणि प्रत्येक पायरीवरील मुले किती, हे असावे. असा अर्ज क्वचितच नाकारला जातो.

परंतु कोणत्याही संस्थेस शाळा चालवावयास देऊन शिक्षकाने बाजूस राहणे, हे सहकार्य नव्हे. त्या काळात शिक्षकांवर नाक्यावरील तपासणी, घरोघरची सर्वेक्षणे इत्यादी कामे होती. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीमही सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाली. त्यामुळे वाडीकडे फिरकता आले नाही, ही सबब पुष्कळदा खरी होती. तथापि संस्थेचा कार्यकर्ता प्रकल्पाच्या मुदतीपुरता असतो, कारखान्याचा निधी वर्षापुरता असतो. मूल मात्र चौथी-पाचवीपर्यंत त्याच शाळेच्या पटावर असते. म्हणून मुलाची नोंदवही शिक्षकाच्या हाती असावी, इतरांच्या हाती काम असावे. अनेक संस्था एकाच वाडीत आल्या तर कोणी काय करावयाचे हे ठरविण्याचा अधिकारही शिक्षकानेच वापरावा.

पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या देशात इबोलाच्या साथीत शाळा २०१४ च्या मध्यापासून १४ एप्रिल २०१५ पर्यंत बंद होत्या. तेथे रेडिओवरून पाठ दिले गेले. तरीही शाळा उघडल्यावर कित्येक मुली परत आल्या नाहीत. काहींवर त्या मधल्या काळात मातृत्व येऊन पडले होते. आपल्याकडेही शाळा उघडली म्हणून सर्व मुले आपोआप परत आली असे झाले नाही. शाळाबाह्य मुलांच्या शोधासाठी राज्यात ५ ते २० जुलै २०२२ या काळात ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ राबवावे लागले. अशा वेळी वाडीतील गट चालविणारी मुलगीच सांगू शकते की, अमुक मूल भट्टीवर आहे, तमुक मुलीचे लग्न ठरत आहे. दुसऱ्या प्रकारची वार्ता समजताच ती ग्रामसेवकास व अंगणवाडीताईस त्याच दिवशी कळवावी.

२०२२ च्या ‘असर’ पाहणीत देशातील ग्रामीण भागात तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा पाठ वाचू शकणारी मुले २०.५ टक्के आढळली. २०१८ मध्ये ती २७.३ टक्के होती. जून २०२० मध्ये पहिलीत गेलेली मुले २०२२ मध्ये तिसरीतच होती, आणि २०२४-२५ मध्ये ती पाचवीत पोचली. आपल्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात त्या जूनमधील पान काढून प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहाव्यात : हे मूल पाचवीपर्यंत पोचले का, आणि पोचले असल्यास साधी गोष्ट स्वतः वाचते का. जी नावे स्थलांतरामुळे गळाली असतील त्यांचा शोध वाडीतून घ्यावा. आणि यापुढे दिवाळीत कुटुंब निघण्यापूर्वी मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यावे, त्यावर त्याची वाचनाची पायरी लिहावी, व ते ज्या भट्टीकडे जाणार त्या गावच्या शाळेस फोन करावा.