धोकादायक गाडीचा व्हिडिओ थेट पोलिसांकडे द्या
उलट दिशेने आलेल्या गाडीचा नुसता फोटो काढला, तर ती उभी होती असं मालक म्हणू शकतो. सलग व्हिडिओत मात्र दिशा, सिग्नल आणि नंबरप्लेट एकत्र दिसतात, म्हणून डॅशकॅम मला मोलाचा वाटतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, सिग्नल तोडणं आणि उलट दिशेने जाणं हेही धोकादायक वाहन चालवणंच ठरतं. (गाडी चालवताना हातात मोबाइल धरणंही त्यातच येतं, तेव्हा चित्रीकरण मागे बसलेल्याने करावं.)

चालकाचा चेहराच दिसत नाही, मग उपयोग काय, असं विचारलं जातं. पोलिसांनी विचारल्यावर चालक कोण होता हे सांगणं याच मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ ने मालकावर बंधनकारक केलंय. व्हिडिओत फेरफार होईल ही शंका रास्त आहे, म्हणून मूळ फाइल काटछाट न करता जपा. प्रकरण कोर्टात गेलं, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, नोंदवतात. राहिला पाळतीचा आक्षेप. भर रस्त्यातला गुन्हा पोलिसांना दाखवणं म्हणजे पाळत नव्हे. तोच व्हिडिओ व्हायरल करून चालकाला लोकांच्या तोंडी देण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे.