समुद्रापलीकडील पूर्वजाचा शोध

श्राद्धाच्या दिवशीं आपण पिता, पितामह व प्रपितामह यांचीं नांवें घेतों. पणजोबांचें नांव आठवेनासें झालें, तर घरांतील वडील मंडळींस विचारतां येतें. परंतु ज्याचा पूर्वज गांव, भाषा व आप्तेष्ट सोडून जहाजांत बसला, त्यानें कोणास विचारावें? कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांतील असंख्य स्कॉटिश घराण्यांपुढें हा प्रश्न आहे.

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखांतील जमीनदारांनीं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पिढीजाद कुळांस उठवून त्या जागीं मेंढ्या पाळल्या. पुढें १८४६ सालीं बटाट्याचें पीक कुजून दुष्काळ पडला, तेव्हां देशत्याग अधिकच वाढला. अशा मनुष्याचें मूळ गांव पुष्कळदां त्याच्या नातवंडांसही ठाऊक नसे.

म्हणून शोधाचा आरंभ स्कॉटलंडांत न करितां, तो मनुष्य जेथें वारला तेथें करावा. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत १८५३ पासून मृत्यूच्या नोंदींत जन्मस्थळ, आईबापांचीं नांवें व आईचें माहेरचें आडनांवही विचारीत. मात्र ही माहिती मागें राहिलेल्यांनीं सांगितलेली. ती ताडून पाहिलीच पाहिजे.

स्कॉटलंडांत सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ रोजीं सुरू झाली. त्यापूर्वीचा मुख्य आधार म्हणजे चर्चच्या वह्या. त्यांत कित्येक वर्षांच्या नोंदी मुळींच नाहींत. परंतु ज्या आहेत, त्यांच्या प्रतिमा आतां घरबसल्या पाहतां येतात.

तेथील जुन्या रिवाजाप्रमाणें थोरल्या मुलास बापाच्या बापाचें व दुसऱ्यास आईच्या बापाचें नांव ठेवीत. त्यामुळें एकाच खोऱ्यांत एकाच नांवाचे चार-पांच चुलतभाऊ निघतात. अशा वेळीं आईचें नांव उपयोगी पडतें. स्कॉटलंडच्या कागदपत्रांत विवाहितेचें माहेरचें आडनांव सहसा लोपत नसे; म्हणून अनेक डोनाल्डांतील आपला कोणता, हें बहुधा त्यांच्या मातांवरून ठरतें.

आणखी एक मोह टाळावा. आडनांव मॅकेंझी आहे, एवढ्यावरून आपण त्या जमातीच्या सरदाराचे वंशज ठरत नाहीं. सरदाराच्या आश्रयास राहिलेलीं कुळेंही त्याचें आडनांव लावीत. पुरावा थांबेल तेथें आपणही थांबावें. वंशवृक्षांतील एक जागा रिकामी राहिली, तर त्यांत कमीपणा नाहीं. परंतु परक्याच्या आजोबांस आपले म्हणून तर्पण करणें, हें आपल्या खऱ्या आजोबांस दुसऱ्यांदा परागंदा करण्यासारखें आहे.