जुन्या घराच्या खिडक्या बदलताय? नुसता स्क्वेअर फुटाचा दर ऐकून काम देऊ नका

पावसाळ्याआधी गावोगावी घरांची डागडुजी सुरू होते. त्यात जुन्या लाकडी खिडक्या काढून स्लायडिंग बसवायचं काम हमखास असतं. दोन-तीन फॅब्रिकेटरना विचारलं की प्रत्येकाचा दर वेगळा येतो आणि बहुतेक जण सगळ्यात कमी दरवाल्याला काम देतात. पण दर कमी म्हणजे खर्च कमी, असं नसतं. कसं ते बघा.

आधी जुनी खिडकी तपासा

चौकटीच्या खालच्या लाकडात स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवीने खाल्लंय. चौकट टणक असेल आणि फक्त पल्ले खराब असतील, तर सुताराकडून नुसते पल्ले बदलून घ्या. जुनं सागवान चांगलं असेल तर उगाच काढू नका.

भिंत माती किंवा दगड-मातीची असेल तर जास्त जपा. अशा घरात वरच्या भिंतीचा भार अनेकदा चौकटीवर किंवा तिच्यावरच्या लाकडी फळ्यांवर असतो. टेकू न देता चौकट उपटली तर भिंत ढासळू शकते. शिवाय मातीत स्क्रू धरत नाही. त्यामुळे आधी गवंड्याकडून सिमेंटची किंवा ग्रॅनाईटची चौकट करून घ्यावी लागते. हा खर्च फॅब्रिकेटरच्या दरात सहसा नसतो.

कोणती खिडकी घ्यायची?

अॅल्युमिनियम स्लायडिंग: गंजत नाही, वाळवी लागत नाही. पण दोन ट्रॅकची खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. स्वयंपाकघरात चूल असेल तर धूर कोंडतो, तिथे पूर्ण उघडणारी पल्ल्याची खिडकी बरी. डासांची जाळी हवी असेल तर तीन ट्रॅक मागा.

यूपीव्हीसी: हिलाही गंज किंवा वाळवी लागत नाही, पण साध्या अॅल्युमिनियमपेक्षा महाग पडते. आत गॅल्व्हनाईज्ड लोखंडी पट्टी आहे का, हे विचारा.

लोखंडी: मजबूत असते, पण वेळच्या वेळी रंग दिला नाही तर गंजते.

एक लक्षात ठेवा, नुसत्या काचेच्या स्लायडिंगला गज नसतात. ग्रिल वेगळं लागतं.

हिशेब असा करा

समजा 4 बाय 4 फुटांच्या चार खिडक्या आहेत, म्हणजे 64 स्क्वेअर फूट. (खालचे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत, तुमच्याकडचा दर वेगळा असेल.)

पहिला म्हणतो 350 रुपये फूट, म्हणजे 22,400 रुपये. पण ग्रिलचे 5,500, जाळीचे 2,400, जुनी चौकट काढून प्लास्टर करायचे 3,600 आणि गाडीभाडं 1,000 वेगळे. एकूण 34,900.

दुसरा म्हणतो 500 रुपये फूट, सगळं धरून. एकूण 32,000.

ज्याचा दर 150 रुपयांनी जास्त वाटत होता, तोच 2,900 रुपयांनी स्वस्त पडला.

कोटेशनमध्ये हे लिहून घ्या

सगळ्यांना एकच यादी द्या आणि उत्तर कागदावर किंवा व्हॉट्सअॅपवर लेखी मागा:

- सेक्शनची कंपनी आणि जाडी किती मिलिमीटर
- काच किती मिलिमीटरची, साधी की टफन
- ट्रॅक दोन की तीन. जाळी आणि ग्रिल धरून की वेगळं
- जुनी खिडकी काढणं, प्लास्टर, सिलिकॉन आणि गाडीभाडं कोणाकडे
- जीएसटी धरून की वेगळा
- माप जेवढं तेवढंच की वरच्या आकड्यात धरणार
- जुनं लाकूड कोणाचं

शेवटचा मुद्दा बरेच जण विसरतात. जुन्या सागवानाला चांगली किंमत येते. "आम्ही भंगार घेऊन जातो" म्हणत कोणी ते नेत असेल, तर आधी त्याची किंमत बिलातून कमी करून घ्या.

सेक्शन हलका की भारी, हे ओळखायलाही सोपं आहे. त्याच प्रकारच्या सेक्शनचा एक-एक फुटाचा तुकडा प्रत्येकाकडून मागा आणि किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. फरक लगेच दिसेल.

पैसे देताना

सगळी रक्कम आधी देऊ नका. अॅडव्हान्स दिला की पावती घ्या. शेवटचा हप्ता खिडकी बसल्यावर, बाहेरून दोन बादल्या पाणी मारून बघितल्यावरच द्या. ट्रॅकला पाणी जायची भोकं हवीत आणि बाहेरच्या बाजूला उतार हवा. पाणी आत आलं तर तिथेच दुरुस्त करून घ्या. पैसे चुकते झाल्यावर भर पावसात माणूस बोलवायचा म्हणजे हेलपाटेच.