पाहुणा किती दिवसांचा? सेवेला गेलेला माणूस आणि तिथलं गाव

आजचा विषय एका प्रश्नातून निघाला आहे. मध्यंतरी एका चर्चच्या तरुण मंडळातली काही मुलंमुली आम्हाला भेटायला आली होती. सुट्टीत तीन आठवडे परदेशात मिशनच्या सेवाकार्याला जायचं त्यांचं ठरलं होतं. तिकिटं काढून झाली होती, औषधं आणि वह्या जमवून झाल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तिथल्या लोकांशी जवळीक कशी साधायची?" आम्ही म्हटलं, विमानात बसण्याआधी एकदा कर्जतची लोकल पकडा. परक्या गावात सेवेला जाणं म्हणजे काय, ते कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर जेवढं लवकर कळतं तेवढं पुस्तकातून कळत नाही. आम्ही तिथेच शिकलो, आणि बरंचसं चुकूनच शिकलो.

कुलूपबंद वाडी

आमची पहिली चूक सांगतो. आम्ही डिसेंबरात गेलो. कारण साधं, तेव्हा शहरातल्या लोकांना सुट्टी असते आणि हवा छान असते. चादरी, औषधं, खेळणी असं सगळं घेऊन आम्ही एका कातकरी वाडीवर पोचलो, तर बहुतेक दारांना कुलूप. वाडीवर चार-पाच म्हातारी माणसं आणि दोन-तीन पोरं.

हे असं का झालं, ते समजून घ्यायला हवं. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक; दुसरे दोन कोलाम आणि माडिया गोंड. पूर्वी खैराच्या लाकडापासून कात काढणारे, म्हणून कातकरी. जंगलावरचा तो धंदा गेला. स्वतःची जमीन बहुतेकांकडे नाही. भाताची कापणी, झोडणी झाली की गावातली मजुरी संपते. मग वीटभट्टीचा नाहीतर कोळसाभट्टीचा मालक किंवा मुकादम पावसाळ्यात दिलेली उचल वसूल करायला येतो, आणि नवरा-बायको पोरांसकट भट्टीवर जातात. परततात ती पावसाच्या तोंडावर. म्हणजे आमच्या सोयीचा महिना तो त्यांचा घर सोडून जाण्याचा महिना.

एका आजीने आम्हाला ओट्यावर बसवलं, कोरा चहा दिला आणि म्हणाली, "माणसं असतात तवा या की." एवढंच. त्यात राग नव्हता. पण आम्ही सोबत नेलेल्या सगळ्या सामानापेक्षा ते वाक्य आमच्या जास्त उपयोगाचं ठरलं. तुम्ही जगात कुठेही सेवेला जा, आधी तिथलं वर्ष समजून घ्या. पेरणी कधी, कापणी कधी, माणसं घरी कधी असतात, घरात धान्य कधी संपतं. आपल्या सुट्ट्यांवर आखलेली सेवा पुष्कळदा कुलपालाच होते.

शिकणारा पाहुणा

पुढच्या वर्षी आम्ही जुलैमध्ये गेलो, एका ठाकर वाडीवर. लावणी चालू होती. गप्पा मारायला कोणालाच वेळ नव्हता. म्हणून आम्हीही चिखलात उतरलो. तासाभरात कंबर धरली. आमची लावलेली रोपं वाकडी, काही तर पाण्यावर तरंगायला लागली. बायका खो खो हसल्या आणि मग रोप कसं धरायचं, अंगठ्याने कसं दाबायचं हे दाखवायला लागल्या. त्या दिवशी त्या बांधावर शहाण्या त्या होत्या आणि अडाणी आम्ही. नातं सुरू झालं ते तिथून.

ही गोष्ट नवीन नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला. तो इथली भाषा शिकला, आणि ती कामापुरती शिकून थांबला नाही. १६१६ साली त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापून आलं, ते मराठीत, ओवी छंदात. ख्रिस्ताची कथा सांगायला त्याने इथल्या लोकांच्या कानाला सवयीचं असलेलं पुराणाचं रूप घेतलं. परक्या देशातून आलेल्या माणसाने यजमानांच्या भाषेत इतकं खोल उतरावं, हे आजही नवल वाटण्यासारखं आहे.

पण इथे थांबून दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या काळी गोव्यात पोर्तुगीजांची सत्ता होती, देवळं पाडली गेली होती, लोकांची जुनी पुराणं त्यांच्या हातून काढून घेतली गेली होती. ख्रिस्तपुराणाची गरज त्या पोकळीतूनही आली. म्हणजे एकाच माणसाच्या वाट्याला भाषेवरचं प्रेमही आलं आणि मागे उभी असलेली सत्ताही. आज आपल्यामागे फौज नसते, पण पैसा असतो, शिक्षण असतं, पासपोर्ट असतो. वाडीवरच्या माणसाला ते दिसतं. आपण 'तुमच्यातलाच एक' म्हटल्याने ते नाहीसं होत नाही.

जाणारा आणि राहणारा

दुसरं उदाहरण व्हेरिअर एल्विन यांचं. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला हा तरुण १९२७ साली ख्रिस्त सेवा संघाच्या कामासाठी पुण्यात आला. तिथेच शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती तरुणाशी त्याची मैत्री झाली, आणि १९३२ मध्ये दोघे मंडला भागातल्या गोंडांमध्ये राहायला गेले. शाळा, दवाखाना असं काम सुरू झालं. शिकवायला गेलेला एल्विन स्वतःच शिकत गेला. गोंड आणि बैगांचं जगणं, गाणी, श्रद्धा त्याने लिहून ठेवल्या. पुढे तो चर्चपासून दूर झाला, मानववंशशास्त्रज्ञ म्हणून नावाजला आणि १९५४ साली भारताचा नागरिक झाला.

ही कहाणी सांगणारे बहुधा इथेच थांबतात. आम्ही थांबत नाही. १९४० मध्ये एल्विन यांनी कोसी या गोंड मुलीशी लग्न केलं. १९४९ मध्ये घटस्फोट झाला. ते पुढे ईशान्य भारतात गेले, मोठे झाले. कोसी मागे राहिली आणि तिचं उरलेलं लांबलचक आयुष्य खेड्यात, गरिबीत गेलं. आम्ही इथे न्यायनिवाडा करायला बसलेलो नाही. पण जवळीक हा शब्द आपण फार गोड करून वापरतो. जवळीक झाली की तिची किंमतही असते, आणि निघून जाणाऱ्यापेक्षा मागे राहणारा ती जास्त मोजतो. तीन आठवडे एखाद्या पोराला कडेवर घेऊन फिरायचं, फोटो काढायचे, "मी परत येणार" म्हणायचं आणि मग फोनसुद्धा करायचा नाही, हे त्याचंच छोटं रूप आहे.

घेणं जमलं पाहिजे

आता आपल्याच मातीतलं उदाहरण. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल. आझाद दस्त्याचे क्रांतिकारक म्हणून आपण त्यांना ओळखतो. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आलं. पण त्याआधी त्यांनी या भागात शाळा काढल्या होत्या, धान्यकोठारं उभी केली होती. पावसाळ्यात घरातलं भात संपलं की शेतकरी सावकाराकडे जायचा आणि दिढीने उचलायचा, म्हणजे एक मण घ्या, सुगीला दीड मण द्या. कोठारामुळे तेच धान्य गावातून मिळू लागलं आणि परतफेडही गावाकडेच. पुढे कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनेही कर्जतच्या आदिवासी वाड्यांत धान्य बँकेचं काम केलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कोठारातून घेणारा भिकारी नसतो, तो परत करणारा असतो. त्याची मान ताठ राहते. आपली मदत बहुधा अशी नसते. आपण देतो आणि परत काही घ्यायला नकार देतो. आमच्याकडूनही हेच झालं. एका घरी भाकरी आणि शेवळाची भाजी पुढे आली. यांच्याकडेच किती कमी आहे, असा विचार करून आम्ही "नको नको, जेवून आलोय" म्हटलं. त्या घरातल्या मावशींनी ताट उचललं आणि संध्याकाळपर्यंत आमच्याशी बोलल्या नाहीत. जंगलातून हुडकून आणलेली, खाज जावी म्हणून काकड घालून शिजवलेली भाजी ती. आम्ही त्यांचा देण्याचा मान हिरावून घेतला होता.

इर्शाळवाडी

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची ती वाडी. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि काही दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. पावसात, निसरड्या पायवाटेने चढून जायचं आणि हातांनी, कुदळ-फावड्यांनी माती उपसायची, कारण यंत्र वर नेणं शक्यच नव्हतं.

अशा वेळी आजूबाजूच्या गावांतली माणसं आणि या डोंगरात वर्षानुवर्षं हिंडणारे गिर्यारोहक यांचं मोल कळतं. त्यांना वाट माहीत असते. घर कुठे होतं, घरात माणसं किती होती, कोण त्या रात्री बाहेरगावी होतं, हे त्यांना ठाऊक असतं. ही माहिती संकटाच्या रात्री गोळा करता येत नाही. ती आधीच्या दहा वर्षांच्या चहात, लग्नात, मयताला गेल्यात साठलेली असते. नातं जोडणं ही सेवेच्या आधीची गोड प्रस्तावना नव्हे मंडळी, वेळ आली की तेच सेवेचं हत्यार असतं.

मग त्या मुलांना काय सांगितलं?

चार गोष्टी सांगितल्या. एक, आपण कोण, कोणी पाठवलं, किती दिवस राहणार, हे पहिल्याच दिवशी सरळ सांगा. ख्रिस्ती मिशनकडून आला असाल तर तसं सांगा. लपवलेली ओळख उघडी पडली की तुमच्याबरोबर तिथल्या स्थानिक ख्रिस्ती माणसालाही संशय सोसावा लागतो, आणि त्याला तर तिथेच राहायचं असतं. दोन, मदतीला अट लावू नका. औषध हे औषध, प्रार्थना ही प्रार्थना. आजाऱ्याने विचारलं तर प्रार्थना करा, त्याच्या असहाय्यतेचा फायदा घेऊन नको. तीन, "तुमच्या अडचणी काय?" असा प्रश्न सभेत विचारू नका. आम्ही विचारला होता, तेव्हा आधीच्या लोकांनी जे वाटलं होतं त्याचीच यादी मिळाली. त्यापेक्षा कोणासोबत तरी पाणी भरायला जा, लाकडं आणायला जा. अडचण वाटेत दिसते. चार, पाळता येईल तेवढाच शब्द द्या. 'पुन्हा येईन' म्हणायचं असेल तर आधी आपलं कॅलेंडर बघा.

ती मुलं एक शनिवार-रविवार आमच्याबरोबर वाडीवर आली. निघताना त्या डिसेंबरातल्या आजीने त्यांना विचारलं, "परत कधी?" कोणी पटकन "लवकरच" म्हणालं नाही. एकमेकांकडे पाहिलं, आणि मग एक मुलगी म्हणाली, "आजी, आम्ही बाहेरगावी चाललोय. यायचं ठरलं की आधी कळवू." आजी म्हणाली, "बरं." आम्हाला ते उत्तर आवडलं.

आज इथे थांबतो. प्रश्न जरूर विचारा.